‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे नेमकं कधी? द्राक्षमळ्यातून आलेल्या एका इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत इंग्रजी शिकवते. माहेर तासगाव तालुक्यातलं, मणेराजुरी-सावळजच्या द्राक्षपट्ट्यातलं. वर्गात दरवर्षी ढीगभर वाक्प्रचार येतात, मुलं ते वहीत उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. या एका वाक्प्रचारापाशी मात्र मी सगळ्यांना थांबवते, कारण तो आपल्याच बांधावरचा आहे असं मला मनापासून वाटतं. दहावी-बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेवाले, त्यांचे पालक आणि आता बँकेत, कारखान्यात कामाला लागलेले जुने विद्यार्थी यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मॅडम, आधी एका ओळीत अर्थ सांगा.

मुदत संपत आलेली असताना, अगदी शेवटच्या टप्प्यात एखादी गोष्ट होणं. वेळ अजून गेलेली नाही, पण आता गेलीच म्हणून समजा, अशी ती वेळ.

म्हणजे रात्री अकरा वाजता का? की सकाळी अकराला?

दोन्ही नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे आणि विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही. एका जुन्या गाईडमध्ये मी स्वतः ‘रात्री अकरा वाजता’ असा अर्थ छापलेला पाहिला आहे. काही मुलं पुढचा तर्क लढवतात, की रात्री बाराला दिवस संपतो म्हणून अकरा म्हणजे शेवटचा तास. तर्क छान आहे, पण खरा नाही. हे शब्द भिंतीवरच्या घड्याळापेक्षा कितीतरी जुने आहेत.

इथला अकरावा तास सूर्यावर मोजलेला आहे. पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये आणि एकूणच रोमन साम्राज्यात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या उजेडाचे सारखे बारा भाग करत, आणि त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक तास. सूर्य सहाला उगवला असं धरलं, तर तिसरा तास म्हणजे आपले सकाळचे नऊ, सहावा म्हणजे दुपारचे बारा, नववा म्हणजे तीन आणि अकरावा म्हणजे संध्याकाळचे पाच. बाराव्याला दिवस मावळला. म्हणजे अकराव्या तासाला हातात फक्त तासाभराचा उजेड उरलेला असतो.

पण उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, हिवाळ्यात लहान. मग तास सारखा कसा?

तो सारखा नसायचाच. दिवस लांबला की तासही लांबायचा. जेरुसलेमकडे हिवाळ्यात उजेड सुमारे १० तासांचा आणि उन्हाळ्यात सुमारे १४ तासांचा, म्हणजे त्यांचा तास कधी ५० मिनिटांचा, तर कधी ७० मिनिटांचा. आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ असल्यामुळे इथे एवढा फरक पडत नाही. सांगलीत डिसेंबरमधला दिवस ११ तासांच्या थोडा वर असतो आणि जूनमधला १३ तासांच्या थोडा वर. घरात पंचांग असेल तर त्यात दिनमान बघा. दिनमानाला बारानं भागलं की त्या दिवसाचा ‘जुना तास’ मिळतो. मुलांना मी हे एकदा करायला लावते. ज्यांनी हा भागाकार केलेला असतो, ती पुन्हा कधी ‘अकरा वाजता’ असं लिहीत नाहीत.

आपल्याकडचा हिशोब लावायचा तर दिवसाचे प्रहर चार आणि रात्रीचे चार. अकरावा तास संपतो तेव्हा दिवसाचा चौथा प्रहरही सरत आलेला असतो. घटकांत मोजलं तर दिवसरात्र मिळून ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची. म्हणजे अडीच घटका दिवस शिल्लक. लग्नात पाण्यावर तरंगणारं, बुडाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना ‘घटका भरत आली’ या शब्दांतली घालमेल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाटीत पाणी चढताना दिसतं, ती अजून बुडालेली नसते आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर असतात.

आणि याहूनही नेमका शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता: कासराभर. कासरा म्हणजे बैलाची दोरी. ‘दिवस कासराभर राहिलाय, उरका गं’ असं ती म्हणायची. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये एका दोरीएवढं अंतर उरलंय, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला अकरावा तास आणि आजीचा कासराभर दिवस हे आभाळातली एकच जागा दाखवतात. हे मला कळलं त्या दिवशी झालेला आनंद अजून लक्षात आहे.

हा वाक्प्रचार आला कुठून?

बायबलमधून. नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात येशूनं सांगितलेला एक दाखला आहे, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. हो, द्राक्षमळाच. तासगावच्या मुलांना हे सांगितलं की वर्गात सगळे सरसावून बसतात.

गोष्ट अशी. एका मळ्याचा धनी भल्या पहाटे मजूर शोधायला बाहेर पडतो. दिवसाचा एक दिनार ठरवून काही जणांना मळ्यात पाठवतो. तिसऱ्या तासाला पुन्हा जातो, चौकात काही लोक रिकामे उभे दिसतात, त्यांनाही पाठवतो, ‘योग्य ते देईन’ म्हणतो. सहाव्या तासाला तेच, नवव्याला तेच. अकराव्या तासाला पुन्हा जातो, तर अजूनही काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते सांगतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो म्हणतो, तुम्हीही मळ्यात जा.

संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात होते आणि त्यांच्या हातावर पूर्ण एक दिनार पडतो. सकाळपासून राबलेल्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार मिळतो. ते कुरकुर करतात, की हे एकच तास राबले आणि आम्ही दिवसभराचा कष्ट आणि ऊन सोसलं. धनी म्हणतो, तुझ्यावर मी अन्याय करत नाही, तुझं-माझं एका दिनाराचंच ठरलं होतं ना?

१६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरामुळे हे शब्द इंग्लंडच्या घराघरांत, चर्चमध्ये वाचले-ऐकले गेले आणि बोलण्यात मुरले. आज हा वाक्प्रचार वापरणाऱ्या बहुतेकांच्या मनात द्राक्षमळा येतही नाही.

धनी दिवसातून पाच वेळा मजूर शोधायला का जातो? गोष्टीत कारण दिलंय का?

दिलेलं नाही. पण द्राक्षबाग असलेल्या घरात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागांना, पेस्ट लावावी लागते. ते काम उद्या-परवावर टाकता येत नाही, नाहीतर बाग एकसारखी फुटत नाही. पुढे विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, नंतर काढणी. प्रत्येक कामाची आपली तारीख असते आणि ती शेतकऱ्याच्या हातात नसते. एका बागेला बाया लागतात त्याच आठवड्यात शेजारच्या दहा बागांनाही लागतात. सकाळी आठ बाया मिळाल्या, त्यात भागत नाही असं दिसलं, की माणूस दुपारी मोटारसायकल काढून पुन्हा वस्तीवर जातो. माझ्या वडिलांना मी एका दिवसात तीन वेळा जाताना पाहिलंय.

फरक एवढाच, की आमच्याकडे बायांची सुट्टीच साधारण पाच-साडेपाचला होते. त्या वेळी नवं माणूस कामावर घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून तर गोष्टीतली ती पाचवी फेरी ऐकणाऱ्याला चमकवते.

गोष्टीत संकट कुठेच नाही, कुणाचा जीवही वाचत नाही. मग ‘शेवटच्या क्षणी’ असा अर्थ कसा झाला?

बारावीतल्या एका मुलीनं हे विचारलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण इथे खरोखरच अर्थ सरकलेला आहे. दाखल्याचा भर उशिरा आलेल्यालाही पूर्ण देणाऱ्या उदारपणावर आहे. ख्रिस्ती प्रवचनांत त्यावरून आयुष्याच्या शेवटी देवाकडे वळलेल्या माणसाबद्दल ‘अकराव्या तासाला आलेला’ असं म्हणू लागले. त्यातला उदारपणा हळूहळू मागे पडला आणि ‘संधी संपायच्या जरा आधी’ एवढाच भाग बोलीत राहिला. पुढे तो तह, करार, संप, कोर्टाची स्थगिती अशा कशालाही लागू झाला.

मला व्यक्तिशः जुना अर्थ पूर्ण पुसला गेलेला नाही असं वाटतं. ‘इलेव्हन्थ अवर’ म्हणताना अजून थोडा उजेड शिल्लक असल्याची जाणीव त्यात राहतेच.

तुम्ही वर्गात बेदाण्याच्या शेडची गोष्ट सांगता म्हणे. ती इथे लिहाल का?

लिहिते. मी कॉलेजात होते, मार्च महिना होता. आमचा माल बेदाण्याला टाकलेला. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकच्या जाळ्यांवर पसरली होती, आठ-नऊ दिवस झाले होते. मणी आकसून हिरवट पिवळे झाले होते, पण आत ओल होती. हाताला अजून चिकट लागत होते. चार वाजेपर्यंत लख्ख ऊन. मग दंडोबाच्या डोंगराच्या अंगाला आभाळ काळं झालं आणि मातीचा वास असलेला गार वारा सुटला. अवकाळीचा वारा ओळखायला आमच्याकडे हवामानखातं लागत नाही.

शेडच्या बाजूंचे प्लास्टिकचे पडदे सोडून बांधायचे होते, खालच्या जाळ्यांवरचा माल उचलायचा होता. पाऊस लागला तर बेदाणा काळा पडतो आणि वर्षाचा पैसा जातो. शेडवर आम्ही घरचे चौघं आणि सकाळपासून आलेल्या तीन बाया. पाच वाजून गेले होते. तेवढ्यात रस्त्यानं दुसऱ्याच्या बागेतून सुटून घरी निघालेल्या पाच-सहा बाया दिसल्या, डोक्यावर पदर, हातात जेवणाच्या डब्याच्या पिशव्या. आईनं बांधावरूनच हाक मारली, ‘वैनी, जरा हात लावा की गं!’ कुणी काही विचारलं नाही. पिशव्या लिंबाच्या फांदीला अडकवल्या आणि सगळ्या आत शिरल्या.

जेमतेम तासभर काम चाललं. शेवटचा पडदा बांधताना टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते. पश्चिमेकडच्या कोपऱ्यातला थोडा माल भिजला, बाकी सगळा वाचला.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पैसे पुढे केले तर एकीनंही घेतले नाहीत. ‘तासाभराचं काय पैसं घ्यायचं अण्णा?’ अण्णा त्या वेळी गप्प बसले. माल तयार होऊन शेडवरून उतरला तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं आणि त्या प्रत्येकीच्या घरी दोन-दोन किलो बेदाणा पोचवला, तोही निवडलेला, एक नंबरचा. सकाळपासून राबलेल्या तिघींनाही तेवढाच दिला. कुणी कुरकुर केली नाही.

एम.ए.ला असताना मत्तयाचा तो अध्याय वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लिंबाच्या फांदीला अडकवलेल्या त्या पिशव्या आल्या. तेव्हापासून हा वाक्प्रचार मी शब्दकोशातून शिकवत नाही.

मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘अकराव्या तासाला’ चालेल का?

चालणार नाही. मराठी वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, उलट तो घड्याळ बघतो. आपल्याकडे शब्दांची कमतरताही नाही, फक्त प्रसंग बघून निवडायचा.

‘ऐनवेळी’ हा सगळ्यात जवळचा. ऐन म्हणजे नेमकं, भर. ऐन दिवाळीत, ऐन तारुण्यात, तसं ऐनवेळी. ‘ऐनवेळी उमेदवार बदलला’, ‘ऐनवेळी पाहुण्यांनी नकार कळवला’. यात चांगलं-वाईट दोन्ही बसतं, तसंच ते इंग्रजीतही बसतं.

‘आयत्या वेळी’ थोडा वेगळा. त्यात तयारी नसल्याचा सूर असतो. आयत्या वेळी भाषण करायला सांगितलं, म्हणजे आधी कल्पना दिली नव्हती. सभेच्या विषयपत्रिकेतला ‘आयत्या वेळचे विषय’ हा तर सरळ ठरलेला शब्दप्रयोग आहे, तिथे इलेव्हन्थ अवर घालू नका.

‘शेवटच्या क्षणी’ हा बातमीदारांचा आवडता आहे. चुकीचा नाही, पण क्षण म्हणजे फारच थोडा वेळ. इलेव्हन्थ अवरमध्ये अजून तासभर हात चालवता येतो, एवढा त्यात अवकाश आहे. बोलताना मी कधीकधी ‘मुदत संपता संपता’ असं म्हणते, ते जास्त नेमकं बसतं.

‘वरातीमागून घोडं’ किंवा ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण लिहिली तर?

गुण जातील. त्या दोन्हीत वेळ निघून गेलेली आहे. बैल चोरीला गेल्यावर गोठ्याला झोपा, म्हणजे दाराला आडोसा, करून काय उपयोग? अकराव्या तासाला बैल अजून गोठ्यातच असतो. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हणही जुळत नाही, ती आधी तयारी न करणाऱ्याला उद्देशून आहे.

‘इन द निक ऑफ टाइम’ आणि ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ एकच ना?

परीक्षेच्या पर्यायांत दोन्ही एकमेकांच्या शेजारी ठेवलेले असतात, म्हणून नीट बघा. निक म्हणजे खाच, काठीवर चाकूनं पाडतात तशी. वेळेची नेमकी खाच गाठली, जरा इकडे-तिकडे झालं असतं तर गेलो असतो, हा त्यातला भाव. त्याचा शेवट नेहमी गोडच असतो. ‘द ॲम्ब्युलन्स केम इन द निक ऑफ टाइम’ म्हटलं की पेशंट वाचला, हे वेगळं सांगायला नको.

अकराव्या तासाला असं वचन नाही. ‘ही विथड्रू ॲट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे त्यानं ऐनवेळी माघार घेतली. यात कुणाचं वाचलं, कुणाचं बुडालं ते पुढच्या वाक्यावर ठरतं. थोडक्यात, आमचे पडदे वेळेत बांधले गेले, ते निक ऑफ टाइम. पाऊस येऊन सगळं भिजलं असतं, तरी त्या बाया इलेव्हन्थ अवरलाच आल्या असं म्हणता आलं असतं.

आणि ‘लास्ट मिनिट’?

तो रोजच्या बोलण्यातला. लास्ट मिनिट शॉपिंग, लास्ट मिनिट तयारी. इलेव्हन्थ अवरला जरा वजन आहे, त्याच्या मागे काहीतरी मोठं पणाला लागलेलं हवं. दिवाळीच्या आदल्या रात्री आकाशकंदील आणायला धावलात तर लास्ट मिनिट म्हणा. संपाच्या आदल्या रात्री युनियन आणि कारखाना यांच्यात समझोता झाला, तर इलेव्हन्थ अवर.

वाक्यात वापरताना मुलं कुठे चुकतात?

ठरावीक तीन-चार जागांवर. ‘ॲट’ हवं, ‘इन’ किंवा ‘ऑन’ नको. ‘द’ गाळू नका. ‘ॲट इलेव्हन्थ अवर’ हे कानाला खटकतं. आकड्यात लिहू नका, अक्षरांतच लिहा.

विशेषण म्हणून वापरला की रूप बदलतं. तेव्हा दोन शब्दांमध्ये जोडरेघ येते आणि पुढे नाम लागतं: ‘ॲन इलेव्हन्थ-अवर डिसिजन’, ‘ॲन इलेव्हन्थ-अवर ॲग्रीमेंट’. इथे ‘अ’ नाही, ‘ॲन’, कारण इलेव्हन्थचा उच्चार स्वरानं सुरू होतो. ‘अवर’मधला एच उच्चारायचा नाही, ‘हवर’ म्हणू नका. ‘इलेव्हन्थ’ म्हणताना शेवटी जिभेचं टोक दातांमध्ये हलकं येऊ द्या. जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, समोरच्याला कळतं.

‘अन्टिल’ही चालतं: ‘दे वेटेड अन्टिल द इलेव्हन्थ अवर’, म्हणजे अगदी मुदत संपत येईपर्यंत थांबले.

आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं द्या, लंडनच्या संपाची नकोत.

निवडणूक घ्या. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. अडीच वाजता पक्षाचा एबी फॉर्म घेऊन गाडी धुरळा उडवत येते आणि सकाळपर्यंत ज्याचं नाव चर्चेतही नव्हतं तो अधिकृत उमेदवार होतो. ‘द पार्टी चेंज्ड इट्स कॅन्डिडेट ॲट द इलेव्हन्थ अवर.’ माघारीच्या दिवशीही तीनचीच वेळ आणि तसंच नाट्य.

दुसरं उदाहरण सांगलीकरांना जास्त जवळचं, आणि ते मी हलक्या मनानं देत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. ‘२००५ला इथपर्यंत आलं नव्हतं’ असं म्हणत कितीतरी घरांनी जुन्या खुणेवर भरवसा ठेवला, पायरीला पाणी लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग कपाटातली कागदपत्रं पिशवीत घालून, म्हाताऱ्यांना हाताला धरून निघाले. ‘मेनी फॅमिलीज लेफ्ट देअर होम्स ॲट द इलेव्हन्थ अवर.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं की वर्ग शांत होतो. त्यातल्या कितीतरी जणांनी तो तास स्वतः पाहिलेला असतो.

पहिलं महायुद्ध अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी अकराव्या तासाला थांबलं. वाक्प्रचार तिथून आला का?

नाही, वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा. पण दोन्हींची गाठ पडली हे खरं. ११ नोव्हेंबर १९१८ला पहाटे पाचच्या सुमारास फ्रान्समध्ये काँपियेन्याच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात युद्धविरामावर सह्या झाल्या आणि तो सकाळी अकराला लागू झाला. इथला अकरावा तास मात्र घड्याळाचाच. मधल्या सहा तासांत लढाई थांबली नव्हती. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला. ब्रिटनमध्ये १९१९पासून त्या वेळी दोन मिनिटं शांत उभं राहण्याची प्रथा सुरू झाली.

साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरी गावात त्या युद्धात गेलेल्या गावच्या जवानांची आठवण जपणारं स्मारक आहे. साताऱ्याकडच्या मुलांनी एकदा तिथे जाऊन यावं. एवढ्या लहान गावातून माणसं किती लांब गेली आणि परत आली नाहीत, ते समोर उभं राहिल्यावर जाणवतं.

ऑफिसच्या मेलमध्ये वापरला तर चालेल?

चालेल, पण वरिष्ठांना उद्देशून जपून. ‘यू चेंज्ड द प्लॅन ॲट द इलेव्हन्थ अवर’ यात तक्रार ऐकू येते. स्वतःबद्दल, टीमबद्दल, बाजाराबद्दल लिहायला हरकत नाही.

स्पर्धा परीक्षेत कसा विचारतात?

बहुधा चार पर्याय देऊन. ‘अकरा वाजता’, ‘रात्री उशिरा’, ‘फार लवकर’ अशी फसवी उत्तरं असतात आणि एक ‘ॲट द लास्ट पॉसिबल मोमेंट’. रिकामी जागा भरायची असेल तर ‘ॲट’ वरच प्रश्न असतो. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

वय झालेल्या माणसाबद्दल वापरतात का? मी ५२ वर्षांची आहे, इंग्रजी आत्ता शिकते आहे.

काकी, वर प्रवचनांबद्दल लिहिलं ना, तो अर्थ इंग्रजीत अजून अधूनमधून भेटतो. पण ५२ म्हणजे अकरावा तास नव्हे. सूर्यावर मोजलं तर फार तर सातवा-आठवा. गोष्टीतला धनी त्याच्याही नंतर, नवव्या तासाला माणसं घेऊन गेला होता. बुधवारच्या वर्गाला नक्की या.

मग ‘ट्वेल्थ अवर’ असा काही वाक्प्रचार आहे का?

असा रूढ वाक्प्रचार नाही. बाराव्या तासाला दिवस मावळतो, काम थांबतं. गोष्टीत त्याच वेळी धनी कारभाऱ्याला बोलावून सांगतो, मजुरांना बोलाव आणि शेवटच्यांपासून सुरुवात करून त्यांची मजुरी दे. आमच्या घरीही बाजारादिवशी पगार वाटताना अण्णा लांबच्या वस्तीवरच्या बायांना आधी पुढे बोलावतात. त्यांना अंधार पडायच्या आत ओढा ओलांडायचा असतो.